बंदूक आली त्या साली

सदर इसम नामे जालिंदर भिकाजी वाव्हळ, वय एकोणसत्तर, धंदा सेवानिवृत्त पोलीस हवालदार (शस्त्रागार), राहणार चौसाळा, तालुका व जिल्हा बीड. बांधा सडपातळ, उंची मध्यम, मिशी पांढरी व नियमात बसणारी. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर स्प्रिंग उडून झालेला जुना व्रण. अंगावर मिळून आलेल्या वस्तू : भिंग एक, टॉर्च एक, मऊ फडके एक, तान्ह्या बाळाच्या अंगाला लावायच्या पावडरचा डबा एक. घरात तान्हे बाळ नाही. पावडरबाबत विचारणा केली असता ती बंदुकीसाठी असल्याचे सदर इसमाने सांगितले. सदर इसमास इंग्रजी बनावटीच्या जुन्या बंदुकांचे वय सांगण्याचा नाद आहे. सदर नादास शासनाची मान्यता नाही. तथापि कोणाची लेखी तक्रारही आढळून आलेली नाही. पत्नीचा जबाब वेगळा नोंदवावा.

हे सगळं कुणी ठाण्यात लिहून घेतलेलं नाही. जालिंदररावांना कुणी ओळख विचारली तर ते स्वतःच साधारण याच चालीत सांगतात. नोकरीची भाषा अंगावरून उतरायला पेन्शनीची दहा-बारा वर्षं पुरत नाहीत.

नोकरी सगळी शस्त्रागारात गेली. रायफली मोजायच्या, तेल द्यायचं, पुन्हा मोजायच्या. माणसावर गोळी झाडायची वेळ कधी आली नाही आणि त्याचा त्यांना पश्चात्तापही नाही. नाद लागला तो निवडणुकांमुळे. निवडणूक जाहीर झाली की परवानेवाल्यांना आपापली हत्यारं जमा करावी लागतात, आणि आपल्या जिल्ह्यात बंदुकीची हौस पिकापेक्षा बरी येते. दर पाच वर्षांनी तीच माणसं नव्या पक्षातून आणि जुन्याच बंदुका घेऊन हजर होत. बाकीचं ठाणं माणसांकडे बघत असे, जालिंदरराव नळ्यांकडे.

इंग्रजीशी त्यांची खरी ओळख त्या नळ्यांवरच झाली. त्यामुळे ‘प्रूव्ह्ड’, ‘पेटंट’, ‘बेस्ट स्टील’ असे शब्द त्यांना झोपेत विचारले तरी येतात आणि ‘यस्टरडे’ला थोडं थांबावं लागतं. इंग्रज कारखानदाराला मुलगा असणारच, एरवी नावापुढे ‘अँड सन’ कसं कोरतील, असं त्यांचं बरीच वर्षं मत होतं.

त्यांची रीत अशी. बंदुकीवर नंबर असतो. लोक तो साल म्हणून वाचतात. नंबर अठराशे बासष्ट दिसला की बंदूक अठराशे बासष्टची, म्हणजे बंडानंतर पाच वर्षांनी आलेली, आणि ती आणणारा पणजोबा हातात मशाल घेऊन उभा. जालिंदरराव हे शांतपणे ऐकून घेतात आणि मग पणजोबाला खाली बसवतात. नंबर म्हणजे कारखान्याने पहिल्या बंदुकीपासून टाकत आणलेला अनुक्रम. तो कुठल्या सालात पडतो हे कळायला त्याचे शेजारी सापडावे लागतात. त्याच कारखान्याची एखादी बंदूक कुण्या साहेबाला निरोपाची भेट म्हणून दिलेली असते, तिच्यावर तारीख कोरलेली असते. तिचा नंबर धरून पुढे-मागे सरकायचं. मग दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवरचा पत्ता बघायचा. बर्मिंगहॅमचे कारखानदार भाडेकरूंसारखे गल्ल्या बदलत, आणि गल्ली कळली की काळ कळतो. शेवटी नळ्या उतरवून खालच्या सपाट भागावरचे ठसे. तिथल्या परीक्षागृहात दुप्पट दारू ठासून नळी फुटते का बघत, न फुटली की मुकुटाचा ठसा ठोकत. हे ठसे दर काही वर्षांनी बदलत गेले. तोंडाशी आवळलेल्या नळीवर आधी ‘नॉट फॉर बॉल’ असा इशारा असे, अठराशे सत्त्याऐंशीच्या सुमारास त्याच्या जागी ‘चोक’ आलं. झिजलेलं कोरीव काम वाचायला त्यावर पावडर टाकायची आणि फडक्याने वरच्यावर पुसायची. अक्षरांच्या खाचांत पांढरं राहतं. टॉर्च तिरका धरला की मेलेला इंग्रज आपलं नाव-पत्ता सांगतो.

या विद्येने त्यांनी पुष्कळ घरांत नाराजी निर्माण केली आहे. सत्तावन्नच्या बंडात चाललेली म्हणून भिंतीवर टांगलेली एक बंदूक त्यांना एका लग्नघरात दिसली. कुणी विचारलं नसताना त्यांनी तिची मूळ पेटी मागवली. पेटीच्या झाकणाच्या आत कारखान्याचा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर कारखान्याचा टेलिफोन नंबर छापलेला होता. जेवायला पंगतीत त्यांच्या शेजारी कुणी बसलं नाही. यशोधराबाई, म्हणजे त्यांची बायको, जिल्हा रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, की अहेर देऊन झाल्यावर तरी बोलायचं.

तर अशा माणसाकडे गेल्या वर्षी पंचमी झाल्यावर मंजुळाबाई आल्या. सोबत त्यांचा भाचा परमेश्वर होता. परमेश्वरचं गाव चौसाळ्याच्या पलीकडेच, आणि त्याच्या आजोबांची, म्हणजे मंजुळाबाईंच्या वडिलांची, दुनळी बंदूक त्याच्या परवान्यावर आहे. निवडणुकीमागून निवडणुकीत ती जालिंदररावांच्या हातून गेली होती. बंदूक चालत नाही. घोडे गंजले आहेत आणि परमेश्वर तिच्यापेक्षा मोबाईलला जास्त तेल-पाणी करतो.

मंजुळाबाईंचं काम बंदुकीचं नव्हतं, एसटीचं होतं.

त्या नांदूरघाटला थोरल्या मुलाकडे असतात. मुलगा रामप्रसाद, स्वभावाने बरा, पण आई गावाला निघाली की तिकिटाचे पैसे देताना चौकशी करणारा. कावून चाललीस, कवा येणार, मागच्या महिन्यात तर गेलतीस. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे हे खरं, पण अर्ध्या तिकिटालाही चौकशी पूर्णच होते. पंचाहत्तरीच्या पुढे तिकीटच नाही. म्हणजे विचारणंच नाही. पिशवी उचलली की निघालं. मंजुळाबाईंना जायचं असतं ते माजलगावला, धाकट्या बहिणीकडे. चंद्रभागाबाई ही त्यांची एकच बहीण, आणि दोघींना एकमेकींशी भांडल्याशिवाय महिना जात नाही.

अडचण आधार कार्डाची होती. कार्डं निघाली तेव्हा शिबिरातल्या पोराने दोघींना जन्मसाल विचारलं. दोघींनाही सांगता आलं नाही. त्याने डोकी पाहिली. चंद्रभागाबाईंचे केस चाळिशीतच पांढरे झालेले, त्यांना त्याने त्रेचाळीसचा जन्म दिला. मंजुळाबाईंचे अजून काळे, त्यांना पंचावन्नचा. दोघींची तारीख एक जानेवारी. अशा रीतीने मोठी बहीण सत्तरीची राहिली आणि तिच्या मागून तीन वर्षांनी झालेली धाकटी ब्याऐंशीची झाली.

पंचमीला दोघी मिळून माहेरी आल्या. वाहकबाईंनी चंद्रभागाबाईंना हात जोडून पुढची जागा दिली आणि मंजुळाबाईंपुढे मशीन धरलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण चंद्रभागाबाई भरलेल्या गाडीत म्हणाल्या, “द्या वो तिला अर्धं. धाकटी हाय माझी.” मंजुळाबाई चौसाळा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या.

हे सगळं जालिंदररावांच्या ओट्यावर सांगून झालं तेव्हा त्यांनी विचारलं, की यात त्यांचा संबंध काय.

“मी बंदूक आली त्या साली झाले,” मंजुळाबाई म्हणाल्या. “समद्या गावाला ठावं हाय. बाबा बंदुकीवर सरकारी ठप्पा मारून आणाया बीडला गेलते, अन् माघारी येस्तोवर मी झाले. तुमी बंदुकीचं साल सांगता म्हनं. सांगा.”

जालिंदररावांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी बंदुकीचं वय आपणहून विचारत होतं. ते चहा अर्धा ठेवून उठले.

परमेश्वरच्या ओसरीत बंदूक ट्रंकेतून निघाली. जालिंदररावांनी नळ्या उतरवल्या, पावडर टाकली, फडकं फिरवलं, टॉर्च तिरका धरला. गल्लीतली निम्मी माणसं जमली होती. पट्टीवर ‘टी. विदरबी अँड सन, बाथ स्ट्रीट, बर्मिंगहॅम’ उमटलं. खाली मुकुट, त्याच्या बाजूला ‘चोक’. म्हणजे सत्त्याऐंशीनंतरची. याच विदरबीची एक भेटीची बंदूक त्यांनी केज तालुक्यात पाहिली होती, अठराशे एक्याण्णवच्या तारखेसकट, आणि तिचा नंबर हिच्या जरासा आधीचा होता. पुढे काही वर्षांनी सुरू झालेला, धूर न होणाऱ्या दारूचा ठसा हिच्यावर नव्हता. त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि घसा साफ केला. अठराशे ब्याण्णव. फार तर त्र्याण्णव.

परमेश्वरने बोटांवर हिशेब सुरू केला, पण त्याच्या आत्याचा आधी झाला.

“म्हंजी मी एकशे तेहतीस वर्साची?”

जालिंदररावांनी समजावलं, की बंदूक तयार झाली ते साल आणि घरात आली ते साल वेगळं. ही आधी कुण्या साहेबाकडे असणार, मग जहागीरदाराकडे, मग कधीतरी मंजुळाबाईंच्या वडिलांकडे, आसाराम पाटलांकडे. तयार कधी झाली ते बंदूक सांगते. कुणाच्या घरी कधी गेली ते सांगत नाही.

“मग येवढी पावडर कावून लावली?” मंजुळाबाई म्हणाल्या.

जमलेली माणसं हसली. जालिंदररावही हसले, पण उशिरा. मग मंजुळाबाईंनी बंदूक उलटी करायला लावली आणि घोड्याच्या कडीमागे बोट ठेवलं. तिथे छिन्नीने ठोकल्यासारखे ओबडधोबड चार आकडे होते, उर्दू वळणाचे. हाच तो ठप्पा. जालिंदररावांनी तो आधीही पाहिला होता. असे ठप्पे इकडच्या पुष्कळ बंदुकांवर त्यांना दिसत आले होते आणि प्रत्येक वेळी ते मनातल्या मनात त्यांची नोंद ‘खराबी’ अशी करत. इंग्रजाने रेशमासारखी वेलबुट्टी कोरायची आणि निजामाच्या कारकुनाने तिच्यावर खिळा ठोकायचा, याचा त्यांना रागच होता. चाळीस वर्षं त्यांचं फडकं त्या जागेला वळसा घालून गेलं होतं.

फोटो घेऊन ते घरी आले. यशोधराबाई भाकरी थापत होत्या. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी बीडच्या जुन्या वस्तीत काढलेली, तिथल्या दाया आणि दुकानदार त्यांना उर्दू आकडे शिकवून गेले होते. त्यांनी पिठाचा हात वर धरून फोटोकडे पाहिलं. तेराशे सत्तावन्न, त्या म्हणाल्या, आणि भाकरी उलटली.

जालिंदररावांना तेराशे सत्तावन्न म्हणजे हिजरी हे कळायला वेळ लागला नाही. मोबाईलवर हिशेब केला. एकोणीसशे अडतीस. त्यांनी लगेच नांदूरघाटला फोन लावला आणि मंजुळाबाईंना त्यांचं वय सत्त्याऐंशी असल्याचं कळवलं. पलीकडून समाधानाचा हुंकार आला. पंचाहत्तरच्या जागी सत्त्याऐंशी मिळालं होतं. मग आवाज आला, “हवालदार, माझी आई रजाकारांच्या गडबडीत गेली तवा सतरा वर्सांची व्हती म्हनून समदे सांगतात... न्हाई, गेली म्हंजी माहेरी गेली वो, मला पोटाशी घिऊन. तुमच्या हिशेबानं मला जल्म देताना ती सात वर्सांची.”

फोन ठेवून जालिंदररावांनी हा घोटाळा घरात सांगितला. यशोधराबाईंनी ताट वाढलं.

“ठप्पा सरकारी हाय ना?” त्यांनी विचारलं. “मग हिजरी कावून धरता? निजामाचं सरकार हिजरी धरायचं ते सणावाराला. शेतसाऱ्याला अन् कचेरीला फसली, म्हंजी पिकाचं साल. माझ्या आजोबांच्या समद्या पावत्या फसलीतल्या व्हत्या.”

फसलीत पाचशे नव्वद मिळवायचे. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. आई सतरा वर्षांची, गडबड रजाकारांची, मंजुळाबाई सत्त्याहत्तरच्या. सगळं जिथल्या तिथे बसलं. जालिंदररावांनी दोन घास जास्त खाल्ले. पुढच्या आठवड्यात ते भिंग घेऊन परमेश्वरकडे पुन्हा गेले आणि त्या ठप्प्यालाही पावडर लावून आले.

मग त्यांनी दाखला लिहिला. ‘दाखला देण्यात येतो की, बारा बोअर दुनळी, बनावट विदरबी, ही अंदाजे सन १८९२ मध्ये बर्मिंगहॅम येथे व अर्जदार ही फसली १३५७ मध्ये मौजे मजकुरी जन्मास आल्या असून दोहोंची स्थिती समाधानकारक आहे.’ खाली सही, हुद्दा, आणि हुद्द्यापुढे बारीक अक्षरात ‘सेवानिवृत्त’.

उशिराच्या जन्मनोंदीचा अर्ज घेऊन तिघं कचेरीत गेले. कारकुनाने दाखला वाचला, उभा राहिला आणि शेजारच्या दोन टेबलांना वाचून दाखवला. आतले साहेब तरुण होते, वागायला चांगले होते. त्यांनी दाखला दोनदा वाचला, ठप्प्याचा फोटो मोठा करून पाहिला, फसली-हिजरीचा फरक नीट विचारून घेतला. बंदुकीचं वय सिद्ध झालं आहे, ते म्हणाले, बाईंचं नाही. दाखला जोडता येईल, पण सोबत जन्माच्या वेळी हजर असलेल्या, अर्जदारापेक्षा वयाने मोठ्या व्यक्तीचं प्रतिज्ञापत्र हवं. बंदूक वयाने मोठी आहे आणि हजरही असावी, पण तिला शपथ घेता येणार नाही.

जे मोठे होते ते सगळे गेलेले. आई, बाबा, सुईण, आत्या. परमेश्वरने गावातले जुने म्हातारे आठवून पाहिले, तर त्यांची कार्डंही एक जानेवारी आणि साठीतली. मंजुळाबाई बाकावरून उठल्या. त्यांनी पिशवी उचलली. जाऊ द्या, त्या म्हणाल्या, अर्धं तर अर्धं. जालिंदररावांनी टोपी नसतानाही टोपी काढल्यासारखा हात डोक्याकडे नेला.

कारकून अजून कागद चाळत होता. बहिणीचं नातं दाखवायला म्हणून परमेश्वरने चंद्रभागाबाईंच्या कार्डाची झेरॉक्स जोडली होती. कारकुनाने ती उजेडाकडे धरली. “ह्या हायेत की थोरल्या,” तो म्हणाला. “त्रेचाळीसचा जन्म.”

परमेश्वरला हसू आवरेना, तो बाहेर जाऊन उभा राहिला. जालिंदररावांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिडकीकडे. ज्याने उभा जन्म शिक्का आणि नंबर यांत काढला त्या माणसाने झेरॉक्स हातात घेऊन ती दोन्ही बाजूंनी पाहिली. कार्ड सरकारी होतं.

माजलगावला मंजुळाबाई एकट्याच गेल्या, अर्ध्या तिकिटावर. दोघींचं तिथे काय बोलणं झालं ते पुढे परमेश्वरकडून कळलं. चंद्रभागाबाई यायला एका पायावर तयार होत्या. पण त्यांची अट होती. साहेबांसमोर, कारकुनासमोर, हवालदारासमोर मंजुळाबाईंनी आपल्या तोंडाने त्यांना थोरली म्हणायचं. आणि एकदा तरी अक्का म्हणायचं. मंजुळाबाईंनी सांगितलं, की मग नगं मला तुझी साक्ष. जेवण न करता उठल्या. चंद्रभागाबाईंनी स्टँडपर्यंत येऊन शेंगदाण्याची चटणी त्यांच्या पिशवीत कोंबली. परतीच्या गाडीत वाहकाने मशीन पुढे धरलं तेव्हा मंजुळाबाईंकडे रामप्रसादने मोजून दिलेले पैसे होते, वरचा एक रुपया नव्हता. केजला उतरून त्यांनी परमेश्वरला फोन केला आणि तिला बोलाव म्हणाल्या.

साहेबांनी दिलेल्या तारखेला चंद्रभागाबाई नवं लुगडं नेसून आल्या. आल्या त्या फुकट, आणि हे त्यांनी कारकुनाला सांगितलं. जालिंदरराव, बहुतेक जबाबाच्या वेळी उभं राहायचं असतं या सवयीने, त्यांच्यामागे उभे राहिले.

साहेबांनी विचारलं, “या तुमच्या कोण?”

मंजुळाबाईंनी आधी पंख्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. मग बहिणीकडे, जिला त्यांनी कडेवर घेऊन गावभर हिंडवलं होतं आणि जिच्या उवा काढल्या होत्या.

“बहीण.”

“थोरली की धाकटी?”

चंद्रभागाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“थोरली,” मंजुळाबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, “अक्का हाय माझी.”

चंद्रभागाबाईंचं तोंड हसरं व्हायला निघालं होतं ते मधेच थांबलं. त्यांनी पुढे होऊन बहिणीचा हात धरला आणि साहेबांना म्हणाल्या, लवकर लिवा वो, हिला घराकडं जायाला उशीर होतोय. मग त्यांनी जबाब दिला. न अडखळता दिला. बाबा बंदूक घेऊन बीडला गेलते, इकडे आईच्या पोटात दुखायला लागलं, सुईणीला बोलवायला त्या स्वतः पळत गेल्या, बाळ काळंसावळं होतं आणि रडायला फार उशीर लावला. जालिंदरराव पाठीमागून थक्क होऊन ऐकत होते. ही हकीकत चंद्रभागाबाईंनी लहानपणापासून ज्यांच्या तोंडून ऐकली होती त्या मंजुळाबाई मधे एकदा चुकून म्हणाल्या, तू न्हाई, आत्या गेलती बोलवाया. साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

कारकुनाने प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. ‘मी, चंद्रभागाबाई, वय ब्याऐंशी, सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की, अर्जदार ही माझी धाकटी सख्खी बहीण असून तिच्या जन्माच्या वेळी मी घरी समक्ष हजर होते.’ अंगठा झाला. ओळख पटवणारा म्हणून जालिंदररावांनी सही केली, हुद्द्यासकट. दिवाळीच्या आत कार्ड दुरुस्त होऊन आलं, आणि रामप्रसादला ते मंजुळाबाई माजलगावला पोचल्यावर कळलं.

मंजुळाबाईंचा जन्म झाला त्या दिवशी चंद्रभागाबाईंचा जन्म व्हायला अजून तीन वर्षं होती.